एका बोटाचा इंजिनियर

तुमच्या घरात भिंतीवर तो लुकलुकणारा डबा आहे ना, त्याची चावी कोणाकडे आहे, सांगता येईल? वायफायचा पासवर्ड विचारत नाही, तो पाहुण्यांनाही पाठ असतो. डब्याच्या आत शिरायचा, त्याला ‘असा नको, तसा चाल’ म्हणून दटावायचा पासवर्ड. नाही ना ठाऊक? घर तुमचं, डबा तुमचा, बिल तुमच्या नावावर, आणि चावी अशा माणसाच्या खिशात, जो बूट न काढता आत येतो आणि तुम्ही त्याला ‘साहेब, पाणी घेणार?’ म्हणून विचारता.

टायपिंगवालीच्या गल्लीत असा एक साहेब होता. गल्ली त्याला इंजिनियर म्हणायची. कुठे शिकलात, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. कमरेला पक्कड, कानावर पेन, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. वायर ओढायची, खिळा ठोकायचा, डबा लटकवायचा आणि हात झटकत बजावायचं, “कशाला हात लावायचा नाही.” एवढीच त्याची विद्या. तेवढ्यावर त्याने चौदा घरं मुठीत ठेवली होती, कारण चौदा घरांना मुठीत राहायची हौसच होती.

टायपिंगवाली मात्र वेगळ्या मातीची. वीस वर्षं ती सरकारी कचेरीबाहेरच्या फुटपाथवर टाइपरायटर घेऊन बसली. लोकांचे अर्ज, तक्रारी, तक्रारींवरच्या तक्रारी. शेजारी चार बाप्ये टायपिस्ट. ते बटणांकडे बघून टाइप करायचे, ही अर्जदाराच्या तोंडाकडे बघून. वर शेजाऱ्याचा कागद न वाचता, नुसती बोटं बघून सांगायची, “भाऊ, तिसऱ्या ओळीत चुकलात.” भाऊंना याचा भारी राग यायचा. कागद काढून बघायचे, तर चूक तिथेच.

टाइपरायटर भंगारात गेले, फुटपाथ सुटला. आता ती घरीच जुन्या कॉम्प्युटरवर काम करायची. डॉक्टर बोलून नोंदी रेकॉर्ड करायचे, ती ऐकून टाइप करायची आणि संध्याकाळी पाचच्या आत फाइल पाठवायची. काम देणाऱ्यांचा नियम एकच: तीनदा उशीर झाला की यादीतून नाव कट. घरात ती आणि तिची सासू. दोघींचं घर त्या यादीवर उभं होतं, आणि उशीर दोनदा होऊन गेला होता.

कारण चार वाजले की इंटरनेट मान टाकायचं. रोज. गल्लीतली पोरं शाळेतून, माणसं कामावरून परतली, की डब्याचे दिवे हिरवे आणि स्क्रीनवर नुसतं गरगर फिरणारं चाक.

इंजिनियर आला. त्याने डबा दाराशी, लोखंडी कपाटावर ठेवलेला होता. का, तर वायर तिथेच संपत होती. म्हणजे, तो म्हणाला म्हणून संपत होती. उरलेलं वेटोळं कपाटामागे धूळ खात पडलं होतं. त्याने खालूनच दिव्यांकडे बघितलं, डॉक्टर नाडी बघतो तसा चेहरा केला आणि म्हणाला, “लोड आहे. मोठा प्लॅन घ्या.”

तिने मोठा प्लॅन घेतला. चारला पुन्हा चाक.

“आता?”

“आणखी मोठा घ्या. आणि बाई, तुम्ही त्याच्याशी खेळत जाऊ नका. तुमच्या डोक्यावरून जाईल.”

हे तो कोणाला म्हणाला? जिने वीस वर्षं वकिलांची व्याकरणं सुधारली, तिला! टायपिंगवालीची कानशिलं तापली. डब्याच्या खोक्यात एक पुस्तिका होती. गल्लीत कोणीच ती उघडलेली नव्हती. एका घरात तर ती खिडकी वाजू नये म्हणून फटीत कोंबलेली होती. हिने शब्दकोश घेऊन ती तीन दुपारी वाचून काढली. डब्याच्या पोटावरच्या चिठ्ठीतला पत्ता ब्राउझरमध्ये टाइप केला, पासवर्ड टाकला. चुकीचा. पठ्ठ्याने तो बदलून ठेवला होता.

मग सुट्टीच्या दिवशी तिने मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा आकडे मोजले. डबा कोरा झाला, चिठ्ठीवरचा पासवर्ड चालायला लागला, आणि इंटरनेट पार मेलं. कंपनीशी जोडणी व्हायची तर आणखी एक नाव आणि गुपित शब्द लागत होता. कागदावर कुठेच नव्हता, फक्त साहेबांच्या डोक्यात. पुढची फाइल दुसऱ्याच दिवशी पाचच्या आत द्यायची होती, आणि ती चुकली की तिसरा उशीर.

तिने नाइलाजाने फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी इंजिनियर मुद्दाम दोन वाजता उगवला. ओट्यावर चार शेजारी जमेपर्यंत आत शिरला नाही.

“घातलंत ना बोट? सांगितलं होतं की नाही?”

शेजारी खी-खी करून हसले. हेच ते, ज्यांचंही चाक रोज चारला फिरायचं. स्वतःच्या मानेवर पाय असणाऱ्याला शेजाऱ्याच्या मानेवरचा पाय बघून केवढा आनंद होतो!

इंजिनियर तिच्या खुर्चीत बसला. स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि म्हणाला, “तिकडे बघा. कंपनीचं गुपित आहे.”

ती टेबलाच्या कडेला उभी राहिली. स्क्रीनकडे ढुंकूनही बघितलं नाही. कीबोर्ड मात्र समोर उघडा पडला होता, आणि त्यावर साहेबांचं एकच बोट. उजव्या हाताचं. एक अक्षर शोधायचं, सापडलं की दाबायचं, मग पुढच्या शोधात निघायचं.

कोपऱ्यातून सासू म्हणाली, “अहो, कोंबडी दाणे टिपते तसं काय चाललंय?”

“आजी, टेक्निकल काम आहे, सावकाशच होतं.”

“होऊ द्या, होऊ द्या. आमची सून कधीची बघतेय.”

सून बघतच होती. जोडणीचं नाव. जोडणीचा गुपित शब्द. आणि शेवटी डब्याच्या आत शिरायची चावी: ‘इंजिनियर’ आणि पुढे एक, दोन, तीन. इंजिनियरिंग तेवढंच होतं!

तो गेला तेव्हा तीन वाजले होते. तिने तिन्ही गोष्टी वहीत उतरवल्या, कपाटामागचं वेटोळं सोडलं आणि डबा सिग्नल अडवणाऱ्या लोखंडावरून काढून आतल्या खोलीच्या दारावर टांगला. मग फोनवरच्या फुकटच्या अॅपने आजूबाजूचे डबे बघितले. तिचा धरून चौदा डबे, आणि चौदाही एकाच चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एकाच वाटेवर, सहा नंबरच्या. एका खोलीत चौदा जण एकाच वेळी ओरडताहेत आणि साहेब प्रत्येकाला सांगताहेत, ‘आणखी मोठ्याने ओरडा, मोठा प्लॅन घ्या!’ डब्यात शिरून तिने आपलं चॅनेल अकरा केलं, आत शिरायची चावीही बदलली, आणि राहिलेलं टायपिंग संपवायला बसली.

चार वाजले. गल्ली घरी परतली. साडेचारला तिने शेवटचा पूर्णविराम दिला आणि ‘पाठवा’ दाबलं. सासूने विचारलं, “फिरतंय का गं चाक?”

“फिरलं. थांबलं. आई, गेली फाइल!”

“मग आता उठशील की नाही?”

“उठते. आजचं काम झालं.”

दुसऱ्या दिवशी ती शेजाऱ्यांकडे गेली. म्हणाली, “चला, तुमचंही करून देते, तुमच्यासमोर, तुमच्याच हाताने.” तीन घरांनी दार उघडलं, आणि तिन्ही डबे त्याच एक-दोन-तीनने उघडले. बाकीचे चाचरले. “साहेब रागावले तर? पुन्हा आलेच नाहीत तर?” एकाने तर त्याच संध्याकाळी साहेबांच्या कानावर घातलं, आणि वर स्वतःसाठी आणखी मोठा प्लॅन घेतला. असा माणूस कीव करायच्याही लायकीचा नसतो.

इंजिनियर तणतणत आला. “माझ्या लाइनला हात लावलात?”

“लाइन तुमची, दारापर्यंत. डबा माझा. पावती दाखवू?”

“पासवर्ड कोणी दिला तुम्हाला?”

“तुम्हीच की. एका बोटाने.”

सासूने आतून विचारलं, “पाणी हवंय का त्यांना?” टायपिंगवाली म्हणाली, “नको आई, निघालेत ते.” आणि खुर्चीत बसून कानाला हेडफोन लावले. चार वाजत आले होते, डॉक्टर बोलत होते, आणि यादीत तिचं नाव होतं.

आता तुम्ही. आज घरी गेलात की डबा उलटा करा, चिठ्ठीवरचा पत्ता आणि पासवर्ड टाकून बघा. उघडला, तर चावी बदला आणि वहीत लिहून ठेवा. नाही उघडला, तर ज्याने बसवला त्याला बोलवा. पण एवढं करा: खुर्चीत तुम्ही बसा, त्याला शेजारी उभं करा, आणि टाइप तुम्ही करा.