पुंजाकाका सरळ का बघत नाहीत

हे मी लिहिणारच नव्हते. आई म्हणाली, कॉलनीची भांडणं कॉलेजच्या भित्तिपत्रकावर कशाला? पण काल विहारातली बैठक बघून माझं डोकंच फिरलं, म्हणून लिहितेय.

द्वारका चौकाजवळ, आमच्या कॉलनीच्या तोंडाशी पुंजाराम काकांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान आहे. एकटेच असतात. गेल्या वर्षापासून त्यांची एक सवय सगळ्यांना खटकतेय. आपण समोर उभं राहिलो की ते मान भिंतीकडे वळवतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे बघतात. पोरी असल्या तरी तसंच! आई मला एकटीला सायकल आणायला पाठवेना. शेजारच्या लताकाकू तर नळावर उघड म्हणायच्या, "मनात पाप नसंल तर माणूस सरळ बघंल की! हा चोरून बघतो."

दुकान इथून हलवायचं का, यासाठीच कालची बैठक होती. काकांनाही बोलावलेलं. कमिटीचे अध्यक्ष मल्हारीदादा म्हणाले, "काका, लताताईंच्या तोंडाकडे सरळ बघा आणि सांगा, मनात काही वाईट नाही म्हणून."

काकांनी मान सरळ केली. "बघतो. पण आता त्यांचं तोंडच दिसत नाही. पदर दिसतोय, पाय दिसतायत. तोंडाच्या जागी नुसता धूर."

"माझं तोंड म्हंजे धूर?" लताकाकू उसळल्या. पोरं खिदळली.

"डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेनंच दिसतं. म्हणून मान वळवतो, बाई."

"मग वर्षभर तोंडात काय गुळणी धरली होती?" काकू म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर मी ब्रेक बसवलेली सायकल नेली असती कोणी?"

झालं! आता ब्रेकवर संशय. काका सांगत होते, ब्रेक मी बोटांनी चाचपून बसवतो, पण ऐकतंय कोण? कोणी म्हणे नाटक, कोणी म्हणे डॉक्टरचा कागद दाखवा.

मला राहवलंच नाही. कॉलेजात सरांनी दाखवलेला डोळ्याचा प्रयोग आठवला. वहीचं पान फाडलं, डावीकडे फुली, चार बोटं सोडून उजवीकडे ठिपका. "काकू, डावा डोळा झाका. उजव्यानं फुलीकडेच बघा." मग कागद हळूहळू त्यांच्या जवळ नेला.

"अगं बाई, ठिपका गेला!"

"गेला नाही काकू. प्रत्येकाच्या डोळ्यात अशी एक जागा असते, तिथलं दिसतच नाही. आपल्याला पत्ता नसतो. काकांच्या डोळ्यात तशीच आणखी एक जागा झालीये, मोठी आणि बरोबर मध्ये, एवढंच."

काकूंनी कागद उलटा केला, उजेडात धरला, नखानं ठिपका खरवडला. "यात काहीतरी चलाखी हाय. आन् तू कधीपास्नं त्याची वकील झालीस गं?"

मग सगळ्यांनी कागद ओढून घेतला. एकेक डोळा झाकून माणसं "गेला! आला!" करत बसली. पण दुकानाचं विचारलं की पुन्हा डोळा झाकायची. मल्हारीदादा म्हणाले, रविवारी हात वर करून ठरवू.

आज सकाळपासून काकांच्या सायकली तशाच उभ्या आहेत, एकही गेली नाही. ते रस्त्याकडे मान तिरकी करून बसलेत, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बायका अजून पदर सावरतायत.

रविवारच्या आत जा ना कोणीतरी. जवळ गेलात की आधी नाव सांगा, आणि त्यांनी मान वळवली तरी जागचे हलू नका. तेव्हाच ते तुम्हाला बघत असतात.