घ्यायला कोन यायलंय?

कोणी येणार असो नसो, रविवारी सकाळी मेस्त्रीमामा हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर हजर. नांदेडकडची गाडी लागली की ते पाण्याच्या नळाजवळ उभे राहायचे. डोक्याला पांढरा रुमाल, पायात रबरी चप्पल, आणि मान लांब करून डबा न् डबा बघायचे. ओळखीचं कोणी उतरलं नाही तर अनोळखी माणसाला धरायचे. खांद्यावर गोणी, मागे बायको आणि तोंडावर गोंधळ असं कोणी दिसलं की मामा पुढे: “कोन्या गावचे? घ्यायला कोन यायलंय?” कोणी येणार नसेल तर ती गोणी मामांच्या खांद्यावर गेलीच म्हणून समजा. एकदा पोलिसानं त्यांना भामटा समजून बाजूला घेतलं होतं. मामी ही गोष्ट पदर तोंडाला लावून सांगायच्या आणि मामा मुकाट्यानं ऐकून घ्यायचे.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. काचीगुड्याजवळच्या आमच्या वस्तीतल्या सगळ्याच पोरांचे मामा. सेंटरिंगची कामं घ्यायचे, म्हणजे स्लॅब ओतण्याआधी खाली फळ्या आणि बल्ल्या ठोकायच्या. अशा टोळीच्या म्होरक्याला इथे मेस्त्री म्हणतात. आमच्या गावातून हैदराबादला आलेला पहिला माणूस तेच. तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं, तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. स्टेशनबाहेरच्या चहाच्या हॉटेलासमोर भेदरून दिवसभर बसून राहिले. शेवटी पालमूरकडच्या एका म्हाताऱ्या तेलुगू मजुरानं खाणाखुणा करून त्यांना आपल्या झोपडीत नेलं आणि जेवू घातलं. हे पुराण आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की, म्हातारा कुठे खोकतो आणि कुठे विडी पेटवतो तेही आम्हाला पाठ होतं.

मग मामांनी एकेक करत गावकुसाबाहेरचा आमचा सगळा मोहल्ला इकडे आणला. माझे वडील त्यातलेच. गावातून येणाऱ्यानं दुसरं काही आणलं नाही तरी चालायचं, पण ज्वारीचं पीठ आणायचं हा दंडक होता. पहिलं जेवण मामांच्या घरी, त्याच पिठाच्या भाकरीचं. मामी तव्यावरून भाकरी काढायच्या, मामा पहिला तुकडा मोडून तोंडात टाकायचे आणि डोळे मिटायचे. “औंदा पाऊस बरा झालेला दिसतोय,” म्हणायचे, नाहीतर नुसतंच “हं” करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाला मजूर अड्ड्यावर घेऊन जायचे. तिथे एकच ताकीद असायची: उपाशी राहा, पण भाव पाडू नका.

गावाकडे मात्र मामांच्या नावानं बोटं मोडणारे होते. मोहल्ल्यातली माणसं शहरात गेल्यावर पाटलांच्या शेतात काढणीला हात मिळेनात. जे मागे राहिले होते ते आता धान्यावर राबायला तयार नव्हते, रोख मागत होते आणि वर जास्त मागत होते. मामा एकदा गावी गेले तेव्हा पाटलांनी त्यांना ओट्यावरून हाक मारून सुनावलं, तू गाव बुडवलंस. मामा खाली रस्त्यावर उभे होते. त्याच रस्त्यावरून त्यांचे वडील पाटलांच्या ओट्यासमोर चपला हातात घेऊन चालत. हैदराबादला परत आल्यावर मामांनी वस्तीत पेढे वाटले. आम्हाला काही कळेना. ते म्हणाले, “जे गेले त्यांचं तर भागलंच, जे ऱ्हायले त्यांचीबी मजुरी वाढली. आजून काय पायजे?”

पुढे हीच गोष्ट उलटून आमच्या अंगावर आली. ओडिशाकडची पोरं अड्ड्यावर यायला लागली, कमी पैशात, जास्त तास राबायला तयार. आमच्या वस्तीतल्यांची डोकी भडकली. पोरांना हुसकून लावायचं ठरलं आणि सगळे मामांना पुढे करायला आले. मामा म्हणाले, त्या पालमूरच्या म्हाताऱ्यानं मला हुसकलं असतं तर तुम्ही आज कुठे असता? काहींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मामांनी त्या पोरांना घरी नेऊन जेवायला घातलं आणि आपल्या दख्खनीत दम भरला, “भाव नक्को गिराव बाबा, तुमारे पीछे और आनेवाले हैं.” पोरांनी ऐकलंच असं नाही. पोटाला चिमटा बसला की कोण ऐकतं? मामांची कामं कमी होत गेली ती तेव्हापासून.

मला हायटेक सिटीत नोकरी लागली तेव्हा मी मामांच्या पाया पडायला गेले होते. त्यांनी ऑफिस कुठे, काम काय, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न तोच, घ्यायला कोण येणार? मी म्हटलं, मामा, कंपनीची गाडी येते दारापर्यंत. त्यावर इतके खूश झाले की येईल त्याला सांगत सुटले. मला लाज वाटायची तेव्हा. आता वाटतं, अजून शंभर जणांना सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मामांना एकच ध्यास होता. गावात स्वतःचं स्लॅबचं घर बांधायचं, त्याला पाटलांच्या वाड्याला असतो तसा रुंद ओटा ठेवायचा आणि म्हातारपणी त्या ओट्यावर चार माणसांत ताठ बसायचं. रस्त्यानं जाणाऱ्यांनी बघायचं. शहरात लोकांसाठी उभ्या आयुष्यात इतके स्लॅब चढवले, तर एक स्वतःचा चढवायचाच. त्यांनी तो चढवलाही. पण गावात सेंटरिंगला माणूस मिळेना! अख्खा मोहल्ला मामांनीच तर इकडे आणला होता. शेवटी ओडिशाची तीच पोरं काचीगुड्याहून गाडीत घालून न्यावी लागली. आम्ही पोट धरून हसलो. मामाही हसले, पण त्या हसण्यात काही दम नव्हता.

मामींनी मात्र जायला साफ नकार दिला. मामी कधी आवाज चढवायच्या नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. “लग्न होऊन त्या गावात गेले तवा वरून वंजळीत पानी वाढायचे. इथं माज्या दारात नळ हाय. मी न्हाई जायची.” मामा म्हणाले, आता तसं काही राहिलं नाही. मामी म्हणाल्या, “मग ज्यांना वटा दावायचाय ते तरी ऱ्हायले का?” पाटील वारले होते, त्यांची मुलं पुण्याला होती. मला दोघांचंही पटत होतं आणि म्हणून दोघांचाही राग येत होता.

तरी मामा गेले. ज्या नळाजवळ उभं राहून त्यांनी आम्हा सगळ्यांची माणसं उतरवून घेतली, तिथेच आम्ही त्यांना निरोप द्यायला जमलो. मामी आल्या होत्या, लेकाच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी डबा दिला, कडेवरच्या नातवाला टाटा करायला लावलं. गाडी हलल्यावर मी खिडकीबरोबर चालत ओरडून विचारलं, “मामा, तिकडं घ्यायला कोन यायलंय?” थट्टाच केली होती मी. मामा म्हणाले, “बगू की.” संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, पोचलो, स्टेशनात कुत्रं पण नव्हतं.

मग आठवड्यातून एकदा मी फोन करायची. गावात आता सगळीकडे सोयाबीन आहे, म्हणायचे. ज्वारी काढायला माणसं कुठून आणायची, म्हणून कोणी पेरतच नाही. भाकरीचं पीठ तालुक्याला जाऊन पुडक्यातून आणावं लागतं, त्याला चव नाही. ओट्यावर कोण बसतं, असं मी विचारलं की विषय बदलायचे. एकदा मात्र हळूच म्हणाले, पाटलीणबाई येतात संध्याकाळच्या. त्याही एकट्याच आहेत, मुलं पैसे पाठवतात, येत नाहीत. माझ्या हातचा चहा पितात, दोघं बसतो रस्त्याकडे बघत. मला ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण फोन ठेवल्यावर मी रडले.

मामा वारल्याचं आधी कळलं ते पाटलीणबाईंनाच. चहाला म्हणून आल्या, तर मामा ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले, चहाचं भांडं चुलीवर तसंच. वस्तीत निरोप आला आणि ज्यांनी मामांशी बोलणं टाकलं होतं तेसुद्धा अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. दुसऱ्या सकाळी त्या लहानशा स्टेशनात आमचा अख्खा मोहल्ला उतरला. त्यांच्यात ती ओडिशाची पोरंही होती. खांदा द्यायला इतकी माणसं झाली की पाळीपाळीनं द्यावा लागला. त्रिशरण म्हणताना माझे वडील मध्येच अडले, मग पुढचं ओडिशाच्या पोरांसकट सगळ्यांनी, येईल तसं म्हटलं.

स्मशानातून परत आल्यावर मामी त्या घरात पहिल्यांदा शिरल्या. मामींनी हैदराबादहून ज्वारीचं पीठ बांधून आणलं होतं. त्यांनी चूल पेटवली आणि भाकऱ्या थापायला बसल्या. आम्ही सगळे ओट्यावर बसलो. जागा पुरेना, काही जण पायऱ्यांवर बसले, काही रस्त्यावर. मामांनी मनात धरला होता तसाच ओटा भरला होता. मामींनी पहिली भाकरी मोडली, तुकडा हातात घेतला. मग उठून बाहेर आल्या आणि तो आमच्यात बसलेल्या पाटलीणबाईंच्या हातावर ठेवला. म्हातारीनं तो खाल्ला. खाता खाता म्हणाली, “रोज सांजच्या गाडीला जायचा बाई तो. कोन येनार हाय रे, म्हनलं तर म्हनायचा, येईल की.” मग मामींकडे बघून म्हणाली, “तुजीच वाट बगायचा.” मामी आत जाऊन पुढची भाकरी थापायला बसल्या.

संध्याकाळच्या गाडीनं सगळ्यांना परतायचंच होतं. कोणाची ड्यूटी, कोणाचं काम, कोणाच्या पोरांची शाळा. मामींच्या लेकानं दाराला कुलूप लावलं. पाटलीणबाई काठी टेकत स्टेशनपर्यंत आल्या. गाडी सुटायच्या वेळी खिडकीशी उभ्या राहिल्या आणि मामींना म्हणाल्या, “घ्यायला कोन यायलंय तिकडं?”

हा प्रश्न त्या मामांकडूनच शिकल्या असणार. आमच्यातलं कोणी मान वर करेना. मामींनी खिडकीतून हात बाहेर काढून म्हातारीचा हात धरला.

“आता कोनी न्हाई,” त्या म्हणाल्या.