आतल्या खोलीतला पाच नंबर

आमच्या अड्याळात लग्न ठरलं की माणसं आधी मारुतीपुढे नारळ फोडतात आणि मग तृप्तीकडे जातात. पत्रिका तिच्याचकडून करायची, हे ठरलेलं. समोरच्या खोलीत ती कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन बसते. आतल्या खोलीत दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिचे वडील बसायचे, तुलारामभाऊ निंबार्ते. ते मार्गशीर्षात गेले.

तृप्ती चाळिशीला आली, लग्न झालं नाही. का झालं नाही याच्या गावात बऱ्याच गोष्टी आहेत, तिने स्वतः एकही सांगितलेली नाही. पत्रिका न्यायला आलेली एखादी बाई हमखास बोलून जायची, "तुही पत्रिका कधी छापतेस वं?" तृप्ती म्हणायची, "डिझाईन पसंत पडून नाही राहिली, मावशी," आणि पत्रिकांची पिशवी पुढे करायची. चेहरा जसा होता तसाच.

तुलारामभाऊ जुने कंपोझिटर. भंडाऱ्याच्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे. छापखाना बंद पडला तेव्हा उतारवयात कॉम्प्युटर शिकले. पण तपासायची सवय जुनीच राहिली. पत्रिका ते शेवटच्या ओळीपासून सुरू करून वर वर वाचत जायचे. वरून वाचलं की डोळा अर्थाच्या मागे पळतो आणि चूक मागे राहून जाते, असं म्हणायचे.

बापलेकीचं बोलणं फार नव्हतं. वायफायच्या डब्यातून दोन्ही मशीनांना वायर गेलेली होती, तेच त्यांचं बोलणं. आतल्या मशीनमध्ये दोन फोल्डर, एक 'तपासणे' आणि एक 'झाले'. तृप्ती बाहेर बसून पत्रिका टाईप करायची आणि 'तपासणे'मध्ये टाकायची. भाऊ वाचून, दुरुस्त करून 'झाले'मध्ये सरकवायचे. तृप्तीच्या स्क्रीनवर एक चित्र होतं, त्याखाली 'बाबा' लिहिलेलं. ते दाबलं की आतले फोल्डर बाहेर दिसायचे. दिवसभर हे चालायचं. मी कितीदा तिथे बसलेली आहे, कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज नसायचा.

त्या दिवशी तिने माझ्या लेकीची, दामिनीची पत्रिका 'तपासणे'मध्ये टाकली होती. बराच वेळ झाला तरी 'झाले'मध्ये काही येईना, म्हणून ती उठून आत गेली. भाऊंनी खुर्चीतच मान टाकलेली होती.

ती रडली नाही. बायकांनी त्यावर बोलून घेतलं. कोणी म्हटलं दगडाची आहे, कोणी म्हटलं रडेल हळूहळू. ती आल्यागेल्याला पाणी द्यायची, चादरी कुठे आहेत ते सांगायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. नागपूरहून तिचा धाकटा भाऊ वीरेंद्र बायको-मुलीला घेऊन आला. बाकीचे पाहुणेही राहिले. सुतकात धंदा करायचा नाही म्हणून दोन्ही मशीन बंद ठेवून वरून चादर घातली. वायफाय मात्र चालू होतं, पाहुण्यांना फोन लागतातच. तेरवीच्या दिवशी मामांनी वीरेंद्रच्या खांद्यावर दुपट्टा टाकला. म्हणजे आता घरात त्याचा शब्द.

आमच्याकडे दामिनीच्या लग्नाची घाई होती. मुलगा दिघोरीचा. माझी नणंद म्हणाली, "मर्तिकाच्या घरून शुभकार्याची पत्रिका कायले आणतेस? भंडाऱ्यात का कमी दुकानं आहेत?" मी म्हटलं, सुतक फिटलं, देवाजवळ दिवा लागला, आता ते घर घरासारखंच. तिला एवढं सांगितलं. मारुतीला हात जोडले आणि तृप्तीकडे गेले.

दारात वीरेंद्रची गाडी उभी होती. तो तिच्यात बॅगा ठेवत होता.

"बरं झालं काकू, तुम्ही आल्या. तुमची फाईल देतो अन् मंग कुलूप लावतो. ताई चालली माह्यासंगं."

"कुठं?"

"नागपूरले. एकटी काय करन इथं?"

"अन् कॉम्प्युटर?"

"एक पोरीले होते. दुसऱ्याचं पाहू."

तो काही वाईट बोलत नव्हता. बहिणीला एकटं टाकून जाणं त्याला बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. आत गेले तर तृप्ती तिच्या खुर्चीत बसून 'बाबा'वर दाबत होती. रस्ता सापडत नाही, असं काहीतरी स्क्रीनवर येत होतं. ती ते बंद करायची आणि परत दाबायची.

"ताई, पेनड्राइव्हमध्ये घे ना," वीरेंद्र म्हणाला. "आतल्या मशीनवर बसलं का दोन मिनिटाचं काम."

"आत बसणं होत नाही मले." दळण संपलं हे सांगावं, तशा आवाजात ती बोलली.

"मंग मी आणून देतो."

"आजचं आणशील. उद्याचं?"

"उद्या तू नागपुरात राहशील ना पण!"

तेव्हा ती त्याच्याकडे वळली. "वीरू, हे बाहेरून उघडलं तं मी इथंच राहीन. माही खुर्ची आहे, माहं काम आहे. नाही उघडलं तं बॅग भरलीच आहे, तुह्यासंगं येईन. मंग काही म्हणणार नाही."

वीरेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. गाडीची चावी टेबलावर ठेवून तो आत गेला. भाऊंच्या खुर्चीवर बसला नाही, वाकूनच मशीन चालू केली. मग दोघांचं भिंतीआडून सुरू झालं, बाहेरून ती विचारायची, आतून तो सांगायचा.

"वायरपाशी दिवा लागते का?"

"हिरवा लागून राहिला."

"शेअरिंग चालू आहे?"

"आहे."

"नेटवर्कवर पाह्य, पब्लिक लिहिलं आहे का प्रायव्हेट?"

"पब्लिक."

"बदलव."

त्याने बदललं. तिने दाबलं. उघडलं नाही. वायर काढून परत लावली, तरी तेच.

"फॉर्मॅट मारून देऊ का?" वीरेंद्रने आतून विचारलं.

"सगळं जाईल. तुह्या लग्नाची पत्रिका बी त्यातच आहे."

"जाऊ दे ना पत्रिका. बायको तं काही जात नाही!"

मला हसू आलं. तृप्ती हसली नाही. तिने स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडली. वायफायच्या डब्यावर जेवढ्या मशीन, जेवढे फोन असतात त्या प्रत्येकाला एक नंबर असतो, असं तिने मला मागे एकदा सांगितलं होतं. भाऊंच्या मशीनचा नंबर पाच. 'बाबा' दाबलं की तिची मशीन पाच नंबरचं दार ठोठावायची. काळ्या खिडकीतून नुसती हाक मारता येते. तिने पाच नंबरला हाक मारली आणि एकाखाली एक ओळी यायला लागल्या.

"उत्तर तं येऊन राहिलं," ती म्हणाली. "हाक ऐकू जाते अन् दार उघडत नाही. वीरू, एकदा बंद करून चालू कर."

आतल्या मशीनच्या पंख्याची घरघर थांबली. तृप्तीने परत हाक मारली. ओळी येतच राहिल्या.

"केली का बंद?"

"केली ना."

"अख्खी?"

"अख्खी केली. स्क्रीन काळी आहे."

"पाच नंबर अजून उत्तर देऊन राहिला."

वीरेंद्र दारात येऊन उभा राहिला. मी तोंडातल्या तोंडात मारुतीचं नाव घेतलं. तृप्ती त्या ओळींकडे बघत राहिली, जशी तेरवीच्या पंगतीकडे बघत होती तशीच.

मग म्हणाली, "म्हणजे ते नाहीत. दुसरं कोणी आहे."

वीरेंद्रने स्टूल ओढलं आणि खिशातून फोन काढला. वायफायच्या डब्याचं एक पान फोनवर उघडतं, त्यात कोणाकडे कोणता नंबर आहे ते दिसतं. पासवर्ड तिने सांगितला. तो यादी खाली सरकवत गेला आणि एका जागी थांबला. फोन तसाच खिशात घातला असता आणि नाही सापडत म्हटलं असतं, तर आम्हा दोघींना काय कळणार होतं? तृप्ती उठून चप्पल घालून गाडीत बसली असती.

"अरे बाप्पा," तो म्हणाला. "पाच नंबरवर तं मीच बसून राहिलो."

"काय?"

"हा माहाच फोन आहे, ताई. पाह्य."

झालं होतं ते असं. सुतकात भाऊंची मशीन बंद. पाहुण्यांचे फोन एकामागून एक वायफायला लागत गेले. ज्या नंबरवर बरेच दिवस कोणी नाही, तो नंबर डबा दुसऱ्याला देऊन टाकतो. त्याला कोण गेलं, कोण आलं, काय माहीत. भाऊंचा पाच नंबर वीरेंद्रच्या फोनला मिळाला, आणि तृप्ती 'बाबा' दाबत होती तेव्हा भावाच्या खिशातलं दार ठोठावत होती. वीरेंद्रने आतली मशीन चालू करून पाहिली. तिला चौदा मिळाला होता.

"तुह्याकडे पाचच्या जागी चौदा लिही," तो म्हणाला. "उघडून जाईल."

तृप्तीने कीबोर्डवर हात ठेवला. लिहिलं काही नाही.

वीरेंद्र तिच्याकडे बघत होता. "राहू दे," तो म्हणाला. त्याने पाच नंबर डब्यामध्येच भाऊंच्या मशीनच्या नावावर बांधून टाकला, म्हणजे पुढे कोणीही पाहुणा आला तरी तो दुसऱ्याला जाणार नाही. मग फोनचं वायफाय बंद केलं. "मी उतरलो. आता मशीन बंद करून चालू करतो, मंग दाब."

तो आत गेला. पंखा थांबला, परत सुरू झाला. तृप्तीने 'बाबा' दाबलं.

दोन पिवळे फोल्डर दिसले. वीरेंद्रने आतून विचारलं, "उघडलं का?" आणि तिने "हो" म्हटलं. खूप आनंद झाला, असं काही मला तिच्या तोंडावर दिसलं नाही.

'झाले'मध्ये पत्रिकाच पत्रिका, सगळ्या गावाच्या. 'तपासणे'मध्ये एकच, आमच्या दामिनीची. मला आशा होती, खोटं कशाला सांगू, की भाऊंनी जाता जाता ती वाचली असेल, कुठे तरी त्यांचा हात लागलेला असेल. तृप्तीने उघडून पाहिलं. ती म्हणाली, "नाही. मी ठेवली तशीच आहे."

"मंग?"

"मंग वाचा लागते."

तिने पत्रिका अगदी खाली सरकवली आणि शेवटच्या ओळीपासून वाचायला घेतली. शेवटची ओळ होती, अक्षरजुळणी : तुलाराम निंबार्ते, अड्याळ. तिथेच ती थांबली. आतली मशीन घरघरत होती तेवढाच आवाज.

"काकू," ती म्हणाली, "लग्नाच्या पत्रिकेवर हे कसं करा लागते?"

मी समजले. म्हटलं, "वर दामिनीच्या आज्याच्या नावामागं कै. लिहिलं आहे ना? त्यांचा आशीर्वाद चालते, तं भाऊंचा काहून चालणार नाही?"

तिने त्या नावाआधी कै. लिहिलं. थोडा वेळ त्याकडे पाहिलं. मग एक ओळ वर गेली, मग आणखी एक. मध्ये हळदीचा वार चुकलेला सापडला, तो तिने बदलला. वरच्या गणपतीपर्यंत पोहोचली, तेव्हा पत्रिका 'तपासणे'मधून उचलून स्वतःच 'झाले'मध्ये ठेवली आणि प्रिंटर चालू केला.

वीरेंद्रने गाडीतून तिची बॅग काढून आणली आणि दाराच्या आत ठेवली.

"दर रविवारी फोन करजो," तो म्हणाला. "अन् मी आलो का वायफाय नको देजो मले."

"नाही देत," तृप्ती म्हणाली. "जेवून जा. भात टाकते."

पहिली पत्रिका मी घरी आणून देवापुढे ठेवली, चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं. दामिनी मागून येऊन वाकून बघायला लागली.

"आई, चूक तं नाही ना कुठं?"

"नाही," मी म्हटलं. "तपासलेली आहे."