चाचांचे चार रुमाल

इस्त्रीला आलेला शर्ट हातात घेतला की चाचा आधी त्याची कॉलर उलटी करून उजेडात धरायचे आणि हवामान सांगायचे. "बाई, वारा फिरला बघा. आज खदानीकडून आलाय." खरं सांगते, सुरुवातीला मला हा माणूस निव्वळ थापाड्या वाटला. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच.

पण त्यांचं शास्त्र पक्कं होतं. उन्हाळ्यात आपल्या पठारावर वारा मोकाट सुटतो, तेव्हा कॉलर तांबूस. पावसाळ्यात स्वच्छ, "पर वाळंल तर शपथ!" आणि थंडीत काळी. आसपास उसाचं पाचट पेटतं आणि पहाटे वारा पडलेला असतो. "थंडीत धूर बी गोधडी घेऊन झोपतो, बाई. उन्हं वर आल्याबिगर उठत न्हाई."

लातूरच्या भूकंपात त्यांच्या दुकानाच्या दगडी भिंतीला तडा गेला. भिंत पडली नाही, पण चाचा पुन्हा तिच्याखाली बसले नाहीत. माझ्या घराला खेटून त्यांनी पत्र्याचं शेड टाकलं. मी शाळेतली बाई, तावातावानं भांडायला गेले आणि नवऱ्याचे चार शर्ट इस्त्रीला देऊन परत आले.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. माझ्या वरच्या खोलीत मुखेडची एक पोर राहायला आली. बारावीला होती, डॉक्टर व्हायचं होतं. पहाटेच्या बॅचच्या पोरांना कडक इस्त्री लागायची, म्हणून चाचा पाचलाच इस्त्रीच्या कोळशाची शेगडी पेटवायचे.

"विजेची इस्त्री घ्या की," मी म्हणायचे.

"अन् लोडशेडिंगला काय हातानं दाबू?"

थंडी पडली आणि पोरीला धाप लागायला लागली. पहाटे अभ्यासाला बसली की छातीतून शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभरात उतार पडला नाही तर गावी पाठवा. परीक्षा तोंडावर आलेली. पोर रडून रडून अर्धी झाली. मी तिच्या गार पाण्याच्या आंघोळीला दोष दिला, तिच्या आईनं लातूरच्या नळाला.

चाचा म्हणाले, "पाणी न्हाई, हवा. चोर मी धरून देतो."

त्यांनी चार पांढरे रुमाल टांगले. एक गच्चीवर, एक रस्त्याकडे, एक मागच्या अंगणात आणि एक पोरीच्या खिडकीला. मग आठवडाभर रोज सकाळी कमरेवर हात ठेवून तपासणी. संशय कुणाकुणावर? ट्रकांवर, पाचटावर आणि माझ्या पाणी तापवायच्या बंबावर! "राग मानू नका बाई, पर तपास म्हंजे तपास." मी असली भडकले म्हणता!

आठव्या दिवशी चारही रुमाल घेऊन ते दारात आले. रस्त्याकडचा नुसता मळका, खिडकीचा काळाकुट्ट. आणि खिडकीखाली काय होतं? चाचांची शेगडी. पहाटेच्या गारठ्यात तिचा धूर आभाळात जायचाच नाही. भिंतीला धरून खिडकीपर्यंत चढायचा आणि तिथंच घुटमळायचा.

"चोर घावला," चाचा म्हणाले. "जगाच्या कॉलरी बघत बसलो, बाई. मीच हाय."

मी म्हटलं, अहो, शेगडी उशिरा पेटवा.

"कोळसा तर दिवसभर जळतोच की. पोरगी कवा श्वास घेणार?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पत्रे उतरवले, हातगाड्यावर घातले आणि गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर गेले. तिथं कुणाची खिडकी नव्हती, आणि अर्थात गिऱ्हाईकही नव्हतं. जाताना मला शपथ घातली, "पोरीला सांगू नका. मनाला लावून घेईल, अभ्यास बुडंल." मी एवढी भांडखोर, पण त्या दिवशी पदर डोळ्याला लागला.

हळूहळू धाप थांबली. परीक्षा झाली, मेडिकलला नंबर लागला. चाचा काही आमच्या गल्लीत परतले नाहीत. मी गच्चीवर होते, पोर पेढे घेऊन आली ती धडाधड जिना चढतच.

"काकू, चाचा असे कसे हो? ऐन परीक्षेच्या तोंडावर, न सांगता न सवरता दुकान गुंडाळून पसार, मला रोज चुरगळलेला ड्रेस घालून क्लासला जावं लागलं, भेटले तरी पेढा द्यायची नाही मी त्यांना!"

एवढं सगळं ती एका दमात बोलली. मध्ये खोकला नाही, शिट्टी नाही.

"हो गं," मी म्हटलं, "फारच वाईट माणूस."