डोंगा आडवा आला होता

त्या दिवशी मी तलाव पोहून पार केला नाही. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अर्ध्याहून जास्त तलाव मी एका माणसाच्या डोंग्यात पालथा पडून पार केला आणि संध्याकाळी गळ्यात मेडल घालून घरी आलो. ते मेडल दुकानात लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगलं आहे. गिऱ्हाईक विचारतं, मी सांगतो. सांगताना पोट आत ओढून घेतो, हेही मला ठाऊक आहे.

पवनीत आमचं कापडाचं दुकान. आजोबा मागावर बसायचे, वडील दुकानात उभे राहायचे, आणि मी गादीवर बसून बसून एक्केचाळिसाव्या वर्षी असा झालो होतो की चपलेचा पट्टा लावायला वाकलो तरी तोंडातून आवाज निघायचा. आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाल्याला तेव्हा बरीच वर्षं लोटली होती. तरी आपल्या वाट्याला काय उरलं याची रड गावोगाव चालूच होती. त्या रडीवर उपाय म्हणून काही मंडळींनी शर्यती काढल्या. माझा साळा त्यांत पुढे. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. याला ट्रायथलॉन म्हणतात, हे त्यानं मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळं उच्चारलं.

एक दिवस तो अंगाला चिकटलेली चड्डी घालून दुकानात आला. समोर दोन बाया लुगडी पाहत होत्या, त्याला त्याचं काही नाही.

"भाऊजी, तुम्ही टेबलापाशी बसा. लोकायचा टाइम लिहा. तिथं सावली हाय."

"काहून? मी पोहतो ना."

"कुठं पोहता जी? गादीवर?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्याच दिवशी नाव दिलं. माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी जीव धोक्यात घालतो, आणि वर त्याला जिद्द म्हणतो.

शर्यत होती माझ्या मामाच्या गावच्या तलावात. लहानपणी दर उन्हाळ्यात मी त्यात पडून असायचो, तेव्हा पोहणं काही विसरत नसतं असा माझा हिशेब. अकरा दिवस तयारी केली. तयारी म्हणजे सकाळी नदीच्या घाटापर्यंत जायचं, पाण्याकडे पाहायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. पाण्यात उतरलो दोनदा. एकदा पोहायला, एकदा वाहून चाललेली चप्पल आणायला.

"पोहणं विसरत नाही," मी बायकोला म्हटलं.

"विसरत नसन जी," ती म्हणाली, "पण तेव्हा हे पोट नव्हतं ना संगं."

कार्तिकातला रविवार होता. तलावाच्या एका कोपऱ्यात शिंगाड्याचा वेल पसरलेला. वरून दिसतो गालिच्यासारखा, खाली पाण्यात दोरखंडच. तो कोपरा एका ढिवराचा होता. मच्छीमार सोसायटी दर साली गावाला विचारून त्यालाच द्यायची, कारण वेल लावणं, खुडणं, डोंग्यातून शिंगाडे काढणं, त्याच्याइतकं कोणाला जमत नव्हतं. लाकडाचा अरुंद डोंगा, त्यात तो उकिडवा बसलेला. मी त्याला लहानपणापासून मामा म्हणायचो. तसा गावातला प्रत्येकच माणूस माझा मामा. पण बुडता बुडता ज्याला हाक मारावी असा तोच.

शहरातून आलेल्या मंडळींनी वेलाला लागूनच दोरी बांधली होती, तिला पांढरे तरंगते डबे. मामा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा राहून साळ्याला समजावत होता.

"दोरी थोडी लांब न्या जी. नवा माणूस सरळ पोहत नाही. वेलात गेला का पाय धरते थो."

"आमचे लोक ट्रेनिंगवाले हायेत," साळा म्हणाला. "तू आपले शिंगाडे पाय."

त्या ट्रेनिंगवाल्यांत मी होतो.

शिट्टी वाजली. पहिले शंभर हात मी बरा गेलो, म्हणजे मला तसं वाटलं. तोंड पाण्याबाहेर काढून, बेडकासारखा. मग दम गेला. मग दोरी दिसेना. सरळ चाललो आहे असं समजून मी कधीच डब्यांच्या बाहेर गेलो होतो, आणि पोटरीला काहीतरी गुंडाळलं गेलं. मी पाय झटकला, दुसराही अडकला. सकाळी पोह्याच्या दोन बश्या खाल्ल्या होत्या. त्या गळ्याशी आल्या. पाणी नाकात गेलं. बाकीचे हात मारत पुढे निघून गेले होते. एकानंही मागे पाहिलं नाही, आणि मीही पाहिलं नसतं.

मी हाक मारली. "मामा!"

दोनदा मारली. आजही माझ्या कानात ती माझीच वाटत नाही, इतकी बारीक होती.

डोंगा आला. त्यानं विळ्यानं वेल तोडला, त्याचाच वेल, शिंगाड्यांनी लगडलेला. मला काखेत हात घालून ओढलं. मी डोंग्यात पालथा पडून ओकलो.

"मले उतरवा," मी म्हणालो. "लोक पायतीन."

"पडून राहा बापू. वेलाच्या पल्याडून नेतो. कोणाले दिसत नाही."

पाणी कापत डोंगा चालला. पालथ्यापालथ्या मी त्याचे पाय पाहत होतो, टाचांना भेगा, त्यांत चिखल. किनाऱ्याजवळ बेशरमाची झुडपं होती. त्यांच्या मागे त्यानं मला पाण्यात सोडलं. कमरेइतकं पाणी.

"जा आता. हासतीन लोक, म्हणून बोलत नाही मी. कोणापाशीच बोलत नाही."

मी झुडपाला वळसा घालून बाहेर आलो, तेव्हा पाळीवरचे लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या मागे अजून तिघं पाण्यात होते. मी हात वर केला. हो, हात वर केला.

पुढचं काय सांगायचं. सायकल साळ्याची, तिची सीट म्हणजे विटेचा तुकडा. धान कापणीला आला होता; बांधावरच्या बाया विळे थांबवून विचारत होत्या, "ओ शेठ, कोण मागं लागलं जी?" धावायच्या पाच किलोमीटरमधले चार मी चाललो, आणि फोटोवाला दिसला की धावलो. चाळिशीच्या वरच्या गटात तिघंच होते. एकाच्या सायकलची चेन तुटली. मी दुसरा आलो. पाहुण्यानं मेडल घालताना सांगितलं की माझ्यासारख्यांकडून तरुणांनी काही शिकावं. आठवडाभर दुकानासमोर माझं फ्लेक्स होतं.

त्या दिवशी आणखी दोघं-तिघं वेलात शिरले होते, त्यांच्या पायांना शिंगाड्याचे काटे लागले. मंडळींवर बोंब झाली. तेव्हा मंडळींनी आपली चूक लपवायला ग्रामपंचायतीत अर्ज दिला: डोंगेवाल्यानं डोंगा दोरीच्या आत घातला, म्हणून पोहणारे घाबरून वेलात गेले.

पंचायतीत बैठक बसली. साळ्यानं मला मोटरसायकलवर बसवून नेलं. सरपंच गावचा जुना माणूस, माझ्या सख्ख्या मामांच्या वर्गातला. त्यानं मला खुर्ची दिली. मामा खाली बसला होता.

"भाचे, तुम्ही त्या बाजूनंच होते. खरं सांगा. डोंगा आडवा आला का नाही?"

खोलीत पंधरा माणसं. साळा माझ्याकडे पाहत होता. मामानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. त्यानं दिलेला शब्द तो पाळत होता. त्यानं फक्त एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, की याला विचारा, हा कुठं पालथा पडला होता.

"आला होता," मी म्हणालो.

डोंगा आला होता, हे खरंच. मी खोटं बोललो नाही असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. वकील असतो तर नाव काढलं असतं.

"तुले काही म्हणाचं हाय का?" सरपंचानं मामाला विचारलं.

"काही नाही जी."

पुढल्या साली तो कोपरा दुसऱ्याला दिला गेला. मामा दोन साल तुमसरला राइस मिलमध्ये पोती उचलायला गेला, पाठ गेल्यावर परत आला. शर्यतही पुन्हा झाली नाही. साळ्याला तोवर दुसरं खूळ लागलं होतं.

आता मामा पवनीच्या बाजारात उकडलेले शिंगाडे विकतो, दुसऱ्या तलावातले, विकत आणलेले. माझी बायको त्याच्याकडूनच घेते. तिला तो वरून एक मूठ जास्त घालतो. "भाच्यायले द्या," म्हणतो. ती घरी येऊन सांगते, मी खातो.

मामाच्या गावात एक रीत आहे. तलावातून ज्याला ओढून काढलं, त्यानं पाळीवर नारळ फोडायचा आणि कोणी काढलं त्याचं नाव चार लोकांपुढे घ्यायचं. लहान पोरंसुद्धा हे करतात. माझ्या मावसभावानं सात वर्षांचा असताना केलं होतं, आणि खोबरं वाटताना त्याला लाज वाटली नव्हती. नुसता नारळ मी कधीचाच नेऊन ठेवला असता. चार लोकांची अट आहे, म्हणून बारा वर्षं झाली.

त्या पाळीवर मी एक नारळ देणं लागतो. आणि ज्या पंचायतीत मला खुर्ची मिळाली होती, तिथं उभं राहून त्याचं नाव, आणि पुढचं एवढंच: डोंगा आडवा आला नव्हता, मी हाक मारली होती. दोन्ही अजून दिलेली नाहीत.