नऊ डोकी कमी

डेलमीराच्या आकड्यावर बोट ठेवायची रोसारिओ शहरात कुणाची छाती नव्हती. सिने एस्मेराल्डाच्या तिकीटखिडकीत ती सव्वीस वर्षं बसली. दर सोमवारी सकाळी आदल्या चार दिवसांचा आकडा राजधानीला फोनवरून कळवायचा, हेही तिचंच काम. तिकडे देशभरच्या थिएटरांची बेरीज व्हायची आणि मंगळवारच्या पेपरात यादी यायची: या आठवड्यात कोणता पिक्चर पहिला, कोणता दहावा. लोक ती यादी फुटबॉलच्या निकालासारखी वाचायचे आणि कॅफेत बसून त्यावर भांडायचे. ती यादी कशी शिजते हे डेलमीरानं जवळून पाहिलं होतं, त्यामुळे ती कधी भांडली नाही.

एकदा एका कंपनीच्या माणसानं शनिवारच्या खेळाची सगळी तिकिटं एकट्यानं विकत घेतली होती. त्याला आपला पिक्चर पहिल्या नंबरवर हवा होता. आत बसली होती अकरा माणसं. डेलमीरानं दारावरच्या पेटीतली फाडलेली अर्धी तिकिटं मोजली आणि अकरा असा आकडा कळवला. तो माणूस चॉकलेटचा हा एवढा डबा घेऊन आला, मग गोड बोलला, मग ओरडला. "मी माणसं मोजते, तिकिटं नाही," असं सांगून तिनं त्याला वाटेला लावलं. डबा मात्र झाडूवालीला देऊन टाकला. बाई सरळ होती हो, पण तिला त्या सरळपणाची घमेंडही होती. हे मी वाईट म्हणून सांगत नाही. ज्याच्याकडे दुसरं काही नसतं, तो निदान घमेंड तरी सांभाळून ठेवतो.

तिचा नवरा इलारिओ रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता. नोकरी गेली, पण तिथली धूळ छातीत राहिली. पुढची दहा वर्षं त्यानं शेजाऱ्यांचे नळ दुरुस्त केले, अंगणात टोमॅटो लावले आणि खोकला काढला. मग आमच्या वस्तीतलीच एक मुलगी, ग्रिसेल्दा, सिनेमा शिकून परत आली आणि तिनं त्या बंद वर्कशॉपवर पिक्चर काढायचं ठरवलं. नट आणायला पैसे नव्हते म्हणून वस्तीतलेच लोक घेतले. इलारिओला फाटकावरचा वॉचमन केलं. कारखाना बंद झालाय, तरी कामगार सवयीनं रोज सकाळी फाटकाशी येतात आणि हा त्यांना सांगतो, "आज नाही, उद्या या." त्याचं एवढंच वाक्य, पण ते पिक्चरमध्ये सहा वेळा येतं. घरी त्यानं ते आरशासमोर साठ वेळा म्हटलं. डेलमीरा म्हणायची, अरे म्हाताऱ्या, पुरे कर, आता कुत्रंसुद्धा उद्या येईल.

पिक्चर तयार व्हायला दोन वर्षं गेली आणि त्या दोन वर्षांत इलारिओची छाती पार खलास झाली. एस्मेराल्डाला पिक्चर लागायची तारीख ठरली त्याच आठवड्यात त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टर चांगला होता, खोटा धीर देत बसला नाही. पिक्चर लागल्यावर दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी घरी सोडतो म्हणाला, बरा झाला म्हणून नव्हे, इथे आणखी करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. शनिवारी चाकाच्या खुर्चीतून, ऑक्सिजनची नळकांडी बरोबर घेऊन, दोन तास थिएटरात न्या. मी परवानगी देतो. त्याच्या आधी मात्र पलंगावरून हलवायचं नाही, असं त्यानं बजावलं.

इलारिओला दुसरं काही नको होतं. घरच्या टीव्हीवर नको, एकट्याला नको. भरल्या थिएटरात, माणसांच्यामध्ये बसून त्याला स्वतःला बघायचं होतं. डेलमीरानंही ठरवलं की आपण त्याच्याबरोबरच बघायचं. तोवर पडद्याकडे मान वळवायची नाही.

आता यात एकच मेख होती. देशी पिक्चरसाठी आमच्याकडे एक नियम होता. पिक्चर गुरुवारी लागायचा. गुरुवार ते रविवार ठरलेली माणसं आली, तर थिएटरवाल्याला तो दुसरा आठवडा ठेवावाच लागायचा. नाही आली, तर बुधवारच्या खेळानंतर गाशा गुंडाळायचा, कारण बाहेरचा मोठा पिक्चर दाराशी उभाच असायचा. एस्मेराल्डाला हा आकडा होता तीनशे वीस. तीनशे वीस डोकी आली तर दुसऱ्या आठवड्यातल्या त्या शनिवारी पिक्चर असणार होता, आणि तरच इलारिओ तो बघणार होता.

तीनशे वीस म्हणजे काय मोठंसं? वस्तीतच तीनशे घरं. डेलमीरा आठवडाभर दारोदार फिरली. बेकरीवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, चर्चच्या पायरीवर उभी राहून सांगितलं. शेजारची इर्मा, जी चाळीस वर्षं भिंतीपलीकडे राहते आणि जिला अख्ख्या वस्तीची बित्तंबातमी असते, तिनं छातीवर हात ठेवून शब्द दिला: पोरंबाळं, सुना, झाडून सगळ्यांना आणते. डेलमीरा प्रत्येकाला एकच सांगत होती, पहिल्या आठवड्यात या, म्हणजे पिक्चर टिकेल. प्रत्येकजण म्हणाला, अगं, सांगायला पाहिजे का, इलारिओसाठी नाही येणार?

गुरुवारी एक्केचाळीस आले. कॉलेजातली मुलं, दोन मास्तर, ग्रिसेल्दाचे मित्र. शुक्रवारी अठ्ठावन्न. शनिवारी एकशे तेहतीस, तेव्हा डेलमीराच्या जिवात जीव आला. पण ती खिडकीतून तोंडं बघत होती, आणि त्यात वस्तीतली तोंडं चार-पाचच. रविवारी दुपारी शहरातल्या दोन क्लबांची मॅच होती. त्या दिवशी रोसारिओत मयतालासुद्धा माणसं मिळत नाहीत. संध्याकाळी एकोणऐंशी आले.

सोमवारी सकाळी ती ऑफिसात जाऊन बसली. पेटी उलटी करून अर्धी तिकिटं दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी लावली आणि मोजली. तीनशे अकरा. पुन्हा मोजली. पेटी उलटी करून बुडावर थापटली. तीनशे अकराच.

मॅनेजर आन्सेल्मो माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, पीत समोर बसला होता. भला माणूस, निवृत्तीला आलेला. त्यानं गठ्ठ्यांकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. तो म्हणाला, "डेलमी, दारावरचा पोरगा गर्दीत कधी कधी तिकीट फाडायचं विसरतो. झाडूवाली काही केरात टाकते. नऊ-दहा तर कुठेही जातात. तू जो आकडा सांगशील त्यावर मी डोळे मिटून सही करतो. तुझ्या आकड्याला आजवर कुणी विचारलंय?"

बाहेर जाऊन येतो म्हणून तो उठला आणि चांगला अर्धा तास आलाच नाही.

त्या अर्ध्या तासात डेलमीराच्या मनात काय झालं ते तिनं पुढे इर्माला सांगितलं, म्हणून आम्हाला कळलं. लोक समजतात की ती तत्त्वाला धरून राहिली. तसलं काही नाही. तिनं एका कागदावर तीनशे वीस लिहूनही पाहिलं. इलारिओसाठी तिनं दहा वेळा खोटं पचवलं असतं. पण मग तिला वस्ती आठवली. तीनशे घरं! ज्यांचे नळ त्यानं फुकट दुरुस्त केले, ज्यांच्या पोरांना सायकली जोडून दिल्या, ती घरं. त्यातून नऊ माणसं निघाली नाहीत? मॅच बघायला पाय होते, आणि इलारिओसाठी पाय मोडले होते? तिचं डोकंच फिरलं. यांनी पाडलेली भोकं मी का बुजवू? त्यांच्या नावानं मी नऊ खोटी डोकी लिहायची आणि उद्या यांनीच मिरवायचं, की आम्ही पिक्चर टिकवला? होऊ दे जगजाहीर. राहू दे यांच्या गळ्यात धोंड.

तिनं तो कागद चुरगाळला, फोन उचलला आणि सांगितलं, तीनशे अकरा. पलीकडच्या मुलीनं लिहून घेतलं आणि नेहमीसारखं आभार मानले. मंगळवारच्या पेपरात परदेशी कार्टूनचा पिक्चर पहिला होता, सलग चौथा आठवडा. आपला पिक्चर पहिल्या दहांत असण्याचा प्रश्नच नव्हता.

बुधवारी संध्याकाळी ती खिडकी उघडून बसली, आणि समोर बघते तर रांग कोपऱ्यापर्यंत. सगळ्यात पुढे इर्मा, ठेवणीतला कोट घालून, मागे तीन सुना, सात नातवंडं. बेकरीवाला पेस्ट्रीचा खोका घेऊन. न्हावी, पाद्री, वर्कशॉपमधले सगळे म्हातारे, टाय लावलेले. काखेत मातेसाठी गरम पाण्याचे थर्मास. अख्खी वस्ती घराला कुलूप लावून आली होती.

बुधवारी तिकीट अर्धं असतं. आमच्या वस्तीतलं सहसा कुणी बुधवार सोडून सिनेमाला जात नाही. सात-आठ माणसांच्या घराला परवडतच नाही. पहिल्या आठवड्यात या म्हटल्यावर त्यांनी पहिल्या आठवड्यातला बुधवार धरला. डेलमीराचा आठवडा सव्वीस वर्षं रविवारी संपत होता. त्यांचा बुधवारी भरत होता. गुरुवार ते रविवार, एवढे शब्द ती एकाही दारात बोलली नव्हती. सांगायची गोष्ट आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

"बघ, आणले की नाही सगळे?" इर्मा काचेला तोंड लावून म्हणाली. "आता महिनाभर हलत नाही पिक्चर."

डेलमीरानं तिला तिकिटं दिली. सगळ्यांना दिली. एका खेळाला दोनशे शहाऐंशी माणसं. काहींना पायऱ्यांवर बसवावं लागलं. दरवाजा लागल्यावर ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आतून इलारिओचा आवाज आला, "आज नाही, उद्या या." लोक खो खो हसले, कुणी त्याच्या नावानं ओरडलं. दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदा थोडेच हसले. सहाव्यांदा आत कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येईना. मग टाळ्या पडल्या, त्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत. डेलमीरा तोंडात रुमाल कोंबून रडली. रिळं शनिवारपर्यंत ठेव म्हणून तिथून तिनं ग्रिसेल्दाला फोनही केला, पण पिक्चरची ती एकच प्रत गुरुवारी सकाळीच कोर्दोबाच्या बसमध्ये चढायची होती. पुढे मेंदोसा, मग साल्ता, अशी गावोगावची थिएटरं ठरलेली होती. महिनाअखेर परत आणते, अशी शपथ ती पोरगी घेत होती.

शुक्रवारी इलारिओ घरी आला. त्याला खिडकीशी बसवलं. त्यानं आल्या आल्या बूट मागितले, उद्यासाठी पॉलिश करून ठेव म्हणाला. डेलमीरा बूट हातात घेऊन त्याच्यासमोर बसली आणि काही न झाकता सगळं सांगितलं. आकडा सांगितला. आन्सेल्मो काय म्हणाला ते सांगितलं. तीनशे वीस लिहिलेला कागद चुरगाळला तेही सांगितलं आणि बुधवारची रांगही सांगितली.

त्यानं नाकातली नळी नीट केली.

"ते माझ्याकडून लोकांवर रागावून झालं रे," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणी आलंच नाही तुझ्यासाठी."

"डेलमी," तो श्वास घेत घेत म्हणाला, "लग्नाआधी आपण दर आठवड्याला जायचो. तू खिडकीत बसायला लागायच्या आधी. बुधवार सोडून कधी गेलो होतो का आपण?"

तो रागावला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं, उलट बोललीही असती. पण त्याला खरंच आठवत होतं, आणि ते आठवून तो थोडा हसलाही. डेलमीरानं हातातले बूट खाली ठेवले.

पुढचे तेरा दिवस वस्तीतलं कोणी ना कोणी येऊन त्याच्या उशाशी बसायचं आणि त्याला त्याचाच पिक्चर सांगायचं: तू असा उभा होतास, टोपी अशी मागे सारलीस, मागून सकाळचं ऊन येत होतं. तो लहान मुलासारखा पुन्हा पुन्हा विचारायचा. डेलमीरा तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. तेराव्या दिवशी पहाटे तो गेला.

रिळं सतराव्या दिवशी, म्हणजे तो गेल्यावर चार दिवसांनी आली. ग्रिसेल्दानं रेल्वे युनियनच्या हॉलमध्ये पडदा बांधला, सगळ्यांना फुकट बोलावलं, आणि मुद्दाम बुधवारच धरला. वस्ती पुन्हा झाडून गेली. इर्मा डेलमीराला न्यायला आली, हाताला धरून ओढलं, रडली, भांडली. डेलमीरा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, मी त्याच्याबरोबर बघणार होते. मग इर्मा एकटीच गेली.