नवीन व्हर्जन अन् आईचा आवाज

पोट्टेहो, आज माह्या प्रोजेक्टचा पुरा बट्ट्याबोळ झाला.

वर्षभर खपून आम्ही दोघांनी आमच्या बोरी अरब गावच्या बाजाराचा कॉम्प्युटर गेम बनवला. त्यातल्या भाजीवालीचा आवाज माह्या आईचा. "घ्या जी वांगे, ताजे आहेत," हे ती लाजत लाजत दहा वेळा बोलली होती.

पार्टनर पल्लवी कितीदा म्हणाली, "कॉलेजच्या कॉम्प्युटरवर गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचं, इंजिनचं, जुनं व्हर्जन आहे, तेच ठेव." पण मले नवीनच पाहिजे होतं; घरच्या लॅपटॉपवर पुरा गेम मी नवीन व्हर्जनमध्ये बदलून टाकला.

आज यवतमाळले, परीक्षकासमोर, कॉलेजच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या व्हर्जनमध्ये प्रोजेक्ट उघडलाच नाही. दोघंही नापास. पल्लवी बॅग उचलून एकटीच निघून गेली.

घरी आलो तं आईनं विचारलं, "सरांनी आयकला का रे माहा आवाज?"

"हो, आयकला."

आता ती शेजारच्या काकूले तेच सांगून राह्यली. तिले खरं कसं सांगू?